आधी फोन, मेमोचं मग बघू

पत्र : ताई, कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ११ वर्षं स्टाफ सिस्टर म्हणून काढली आणि सहा महिन्यांपूर्वी मेडिकल वॉर्डची इनचार्ज झाले. २८ खाटा, नाईटला दोनच सिस्टर. तीन महिन्यांत दोघींनी राजीनामे दिले. मी चेंजिंग रूममध्ये गेले की बोलणं थांबतं. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीकडून चूक झाली. पेशंटच्या घरच्यांनी आणलेली इन्सुलिनची वायल, म्हणजे बाटली, मिलीला १०० युनिटची होती आणि वॉर्डातली सिरिंज मिलीला ४० ची. ऑर्डर १० युनिटची होती, तिनं १० च्या खुणेपर्यंत भरून दिलं. मध्यरात्री आजोबांना दरदरून घाम फुटला, शुगर ४६. डॉक्टरांनी ग्लुकोज देऊन सावरलं, पहाटे पुन्हा उतरली. आजोबा वाचले, घरीही गेले. वायलवरचा आकडा मुलीनं त्याच रात्री पाहिला होता, पण कुणाला बोलली नाही. चार दिवसांनी मैत्रिणीजवळ रडली, तेव्हा माझ्या कानावर आलं. मेट्रन मॅडम म्हणतात, मेमो दे, पगार काप, मऊ लागलं की ही पोरं कोपरानं खणतात. गेल्या महिन्यात राऊंडला सगळ्यांसमोर मी एकीला झापलं, तेव्हा मॅडमनी माझी पाठ थोपटली होती. मला तसं व्हायचं नाही. पण मायेनं वागले तर वॉर्ड हाताबाहेर जाईल का? रात्री झोप लागत नाही.
— एक इनचार्ज सिस्टर

उत्तर :

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

मेमो, मेट्रन, वॉर्डाची शिस्त हे सगळं घटकाभर बाजूला ठेव आणि आधी त्या आजोबांच्या घरी फोन कर. ती १०० युनिटची वायल अजून त्यांच्या फ्रिजमध्ये असणार. डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांनी मेडिकलमधून सिरिंजा नेल्या असतील, तर त्या कुठल्या नेल्या? लाल टोपणाच्या ४० च्या की केशरी टोपणाच्या १०० च्या? जी चूक वॉर्डात एका शिकलेल्या मुलीकडून झाली, ती घरी सुनेच्या हातून व्हायला काय लागतं? वायलवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे त्यांच्याकडून फोनवर वाचून घे.

मग ज्यांचे ते पेशंट आहेत त्या डॉक्टरांना खरा डोस सांग. ४० च्या सिरिंजवर १० ची खूण म्हणजे पाव मिली, आणि १०० च्या वायलमधलं पाव मिली म्हणजे २५ युनिट. सांगितलेल्याच्या अडीचपट. घरच्यांनाही हे कळायला हवं. डॉक्टरांनी आणि तू मिळून, समोर बसून सांगायला हवं. ते चिडतील. चिडू देत, त्यांचा हक्क आहे. मायेनं वागायचं म्हणून पेशंटपासून काही झाकायचं नसतं, आणि तुझ्या पुढच्या सगळ्या वागण्याला ही एक गोष्ट पायासारखी लागणार आहे.

आता त्या रात्रीकडे बघू. मध्यरात्री शुगर उतरली आणि पहाटे परत उतरली, त्याअर्थी ते बहुधा दिवसभर पुरणारं, हळूहळू काम करणारं इन्सुलिन असावं. डॉक्टरांना २५ युनिट गेल्याचं कळलं असतं, तर त्यांनी एकदा ग्लुकोज देऊन पाठ फिरवली नसती. ग्लुकोजचं सलाईन चालू ठेवलं असतं, तासातासाला शुगर बघायला सांगितली असती, पहाटेचा तो दुसरा झटका कदाचित आलाच नसता. म्हणजे चुकीचा डोस गेला तो एका क्षणात, पण आजोबा खऱ्या धोक्यात राहिले ते मुलगी गप्प राहिली त्या तासांत. ती गप्प का राहिली? तुझ्याच पत्रात उत्तर आहे. महिनाभरापूर्वी राऊंडला, डॉक्टर, मावशी, नातेवाईक सगळ्यांसमोर एका सिस्टरला इनचार्जनं झापलेलं तिनं पाहिलं होतं. हे वाचायला जड जाईल, पण तू मला विचारलंस म्हणून लिहिते. त्या रात्री तिला भीती आजोबांची कमी आणि तुझी जास्त वाटली.

आपल्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर किती फूट?" पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ३९ जवळ आलं की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडायच्या तयारीला लागतात. आता समज, आकडा कळवणाऱ्यालाच कुणी दर वेळी ओरडलं की पाणी वाढलंच कसं, तर तो पुढच्या वेळी ३७ सांगेल. पाणी काही त्याच्या सांगण्यानं उतरणार नाही. माणसं मात्र झोपलेली राहतील. तुझ्या वॉर्डात तो आकडा कळवणारी म्हणजे सिस्टर. चुकलेला डोस, चुकता चुकता राहिलेला डोस, लेबल नसलेली सिरिंज, ही तुझी ३९ फुटांची खबर. ती तुझ्यापर्यंत पोचायची असेल, तर आणणारीला आधी बसायला खुर्ची मिळाली पाहिजे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर काम केलं, १९९६ साली ते छापून आलं. त्यांना वाटलं होतं, ज्या युनिटांत टीम चांगली, नर्स मॅनेजर चांगली, तिथं चुका कमी सापडतील. सापडल्या जास्त! मग खोलात गेल्यावर दिसलं की तिथं चुका जास्त होत होत्या असं म्हणायला आधार नव्हता, बायका त्या सांगत होत्या. जिथं मॅनेजरचा धाक होता तिथल्या चुका वहीत कमीच येत होत्या. म्हणून सांगते, येत्या तीन-चार महिन्यांत तुझ्या वॉर्डाची इन्सिडेंट रिपोर्टची फाईल जाड झाली तर घाबरू नकोस. मेट्रन मॅडमनाही हे आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या म्हणतील, बघ, सैल सोडल्यावर काय झालं.

मी हे पुस्तकातून शिकून शहाणी झाले असं समजू नकोस. मी ३३ वर्षं नर्सिंग केलं, शेवटची १२ इनचार्ज म्हणून. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुला आठवत असेल. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात दुधाला आणि पेट्रोलला रांगा. आत अडकलेल्या आम्ही वॉर्डातच झोपत होतो. एक सिस्टर ड्युटीवर आली नाही. फोन लागेना. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल पेनानं 'ए', म्हणजे गैरहजर, मारला, दुसऱ्या दिवशी मारला, तिसऱ्या दिवशीही मारला. चौथ्या दिवशी ती आली. मी काउंटरवरूनच विचारलं, "कळवायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "मोबाईल पाण्यात गेला, मॅडम," आणि ट्रे उचलून इंजेक्शनं द्यायला गेली. ती चिखलीची. सासूला घेऊन दीड दिवस माळ्यावर बसली होती, मग बोटीतून काढलं. हे मला आठ दिवसांनी वॉर्डातल्या मावशीनं सांगितलं. मी ते 'ए' खोडले, रजा भरली, तिची माफीही मागितली. ती "असू दे मॅडम" म्हणाली. पण त्यानंतर दोन वर्षं, मी रिटायर होईपर्यंत, ती मला काही सांगायला आली नाही. रजा हवी असली तरी अर्ज टेबलावर ठेवून जायची. मला त्या दिवशी फक्त "घरी सगळे बरे आहेत ना?" एवढं आधी विचारायचं होतं.

ब्रिटनमधले अभ्यासक मायकेल वेस्ट आरोग्यसेवेतल्या नेतृत्वाबद्दल बोलताना करुणेचे चार भाग सांगतात: लक्ष देणं, समजून घेणं, समोरच्याचं दुःख आपल्याला लागणं, आणि मग मदत करणं. माझी गाडी पहिल्याच ठिकाणी घसरली होती. मी हजेरीपटाकडे लक्ष दिलं, बाईकडे दिलं नाही.

तर त्या मुलीला बोलाव. काउंटरवर नको, ड्युटी संपताना घाईत नको. दार लावता येईल अशा खोलीत, चहा सांगून. "असं का केलंस?" असं विचारलंस की ती सारवासारव करील, कुणीही करील. "त्या रात्री काय काय झालं, पहिल्यापासून सांग," असं म्हण आणि मध्ये बोलू नकोस. तुला कळायला हवं ते असं: त्या वेळी तिच्याकडे किती पेशंट होते, कुणी सिरीयस होतं का, इन्सुलिन भरताना दुसऱ्या कुणी पाहिलं का, आणि मुळात ४० आणि १०० अशा दोन वायली असतात हे वॉर्डात आल्यावर तिला कुणी दाखवलं होतं का. वॉर्डात सगळ्या ४० च्या सिरिंजा ठेवायच्या आणि घरून आलेल्या १०० च्या वायलवर चिठ्ठीसुद्धा लावायची नाही, ही चूक तिची एकटीची कशी?

तिचं सगळं सांगून झालं की मग तू बोल. चूक कुणाच्याही हातून होऊ शकली असती, हे सांग. आणि गप्प राहणं बरोबर नव्हतं, हेही तेवढंच स्पष्ट सांग, आवाज न चढवता. रिपोर्ट तिनं स्वतःच्या हातानं लिहायचा, तू शेजारी बसायचं. डॉक्टरांकडे जाताना तिला एकटी पाठवू नकोस. चुकीच्या घटनेत पेशंटनंतर जी होरपळते ती आपल्यातलीच बाई असते. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली अशा डॉक्टर-नर्सना 'दुसरा बळी' म्हटलं होतं. अशा मुली नोकरी सोडतात, कधी नर्सिंगच सोडतात, कधी हात थरथरतो म्हणून इंजेक्शन द्यायचं टाळत राहतात. पुढचे पंधरा दिवस तिला एकटीला नाईट लावू नकोस. पण इन्सुलिन तिच्याकडून काढूनही घेऊ नकोस. शेजारी सीनियर उभी करून तिच्याच हातानं देऊ दे.

आणि जिला राऊंडला झापलंस तिची माफी मागायची आहे. झापलंस सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर, सकाळी ड्युटी बदलतानाच्या ओव्हरला. दोन वाक्यं पुरतात. वॉर्डाला याहून मोठं भाषण लागत नाही.

आता मॅडमच्या कोपराबद्दल. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, ही म्हण खणणाऱ्याला उद्देशून आहे गं, जमिनीला कुणी दगड व्हायला सांगितलेलं नाही. तरी त्यांची काळजी खोटी नाही. मायेच्या नावाखाली वॉर्डाचा बट्ट्याबोळ झालेला मीही पाहिलाय, जिथं इनचार्ज सगळ्यांची लाडकी आणि बेडसोअरचे पेशंट दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे राहिलेले. म्हणून तुला तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकाच काठीनं हाणता येणार नाही. नजरचुकीनं आकडा चुकणं, ही एक. तिला धीर दे आणि पद्धत बदल. गर्दीत शॉर्टकट मारणं, म्हणजे हात न धुता पुढच्या खाटेवर जाणं, ही दुसरी. तिला बाजूला घेऊन सांग, का मारावा लागला तेही बघ, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः उभी राहून बघ. आणि बीपी न बघताच चार्टवर १२०/८० भरणं, ही तिसरी. तिथं मेमो दे. हात अडखळू देऊ नकोस. खोटं लिहिणारीला पाठीशी घातलंस तर रात्रभर खरं बीपी मोजत फिरणाऱ्या मुलीचा तू अपमान करतेस.

ड्युटी लिस्टबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, आणि मला वाटतं निम्मी कुरकुर तिथंच आहे. इनचार्ज कशी आहे हे मुलींना तिच्या गोड बोलण्यावरून कळत नाही, महिन्याच्या लिस्टवरून कळतं. इव्हिनिंग करून रात्री नऊला सुटलेली मुलगी सकाळी साडेसातला परत मॉर्निंगला लावलेय का बघ. गारगोटी, कागलकडून येणारीला शेवटची एसटी मिळते का, विचारलंयस का कधी? कुणाच्या नाईट सलग किती झाल्या? दिवाळीला, नवरात्रात, जोतिबाच्या यात्रेला दर वर्षी त्याच बिनलग्नाच्या मुली ड्युटीवर असतात का? 'तुला काय, घरी लेकरंबाळं नाहीत' हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, याचा हिशेब मांड. लिस्ट निदान दोन आठवडे आधी लाव, आणि लावायच्या आधी प्रत्येकीला एक मागणं लिहू दे. सगळी पुरी होणार नाहीत. नाही जमलं तर का नाही, ते तिला तोंडावर सांग.

माझे वडील तरुणपणी गंगावेश तालमीत जायचे. ते सांगायचे, चांगला वस्ताद जोड लावताना आधी पोराची चाल बघतो. काल गुडघा दुखावलाय, घरी भांडण झालंय, नीट जेवलेलं नाही, हे त्याला आखाड्याच्या हौद्यात उतरणाऱ्या पावलावरून कळतं. नाईटची जोडी लावणं हेही तसंच काम आहे. दोन नव्या मुली एकत्र नकोत, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी एकत्र नकोत. बाळंतपणाहून परतलेल्या मुलीला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत ड्युटीत दोन वेळा बाळाला पाजायला वेळ द्यायचा, असं कायदा सांगतो. वॉर्डात कुणी आहे का अशी? मागायला ती लाजेल. तूच वेळ ठरवून दे.

मेट्रन मॅडमकडे रिकाम्या हातानं आणि डोळ्यांत पाणी घेऊन जाऊ नकोस. कागद घेऊन जा. त्यावर आधी लगेच होण्यासारखं लिही: १०० च्या सिरिंजा वॉर्डात ठेवायच्या, दोन्हींचे ट्रे वेगळे, घरून आलेलं प्रत्येक औषध ओव्हरला दाखवायचं, इन्सुलिन दोघींनी मिळून बघितल्याशिवाय द्यायचं नाही. यात खर्च जवळजवळ नाही. मग माणसांचं लिही. साध्या वॉर्डात सहा पेशंटमागे एक सिस्टर हे आपल्याकडे सर्रास सांगितलं जाणारं प्रमाण आहे, तुझ्याकडे नाईटला चौदामागे एक आहे. दोघींनी मिळून बघायचं म्हणतेय खरं, पण दुसरी चौदा पेशंटांत अडकलेली असेल तर बघणार कोण? लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सर्जरीच्या पेशंटांचा अभ्यास २००२ साली मांडला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. त्या नर्स आळशी नव्हत्या, त्यांचे हात दोनच होते. तिसरी सिस्टर मागताना हे सांग, आणि सोडून गेलेल्या दोघींच्या जागी नव्या मुली तयार करायला वॉर्डाचे किती आठवडे गेले, तेही सांग. लगेच मिळणार नाही. दर महिन्याला माग, आणि मागितल्याची तारीख लिहून ठेव. मॅडमवरही वरून कुणीतरी बसलेलं असतं. तुझ्या कागदामुळे त्यांना वर बोलायला काहीतरी मिळेल.

मेमोचा आग्रह धरलाच, तर पगार कापायला नकार दे. 'चूक सांगितल्यावर पैसे जातात' हे एकदा वॉर्डात पसरलं की पुढची मुलगी चार दिवसांनीही रडणार नाही.

झोपेचं म्हणतेस. तू सहा महिन्यांत किती वीकली ऑफ घेतलेस? खरं उत्तर मला कळवू नकोस, स्वतःलाच दे. सुटीच्या दिवशी वॉर्डाचा फोन कोण घेणार, ते सीनियर सिस्टरला लेखी नेमून दे आणि तो दिवस तिच्यावर सोड. संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी मार, फोन घरी ठेवून. तरीही पंधरा दिवसांत झोप परतली नाही, तर डॉक्टरांना दाखव. आपण पेशंटला जे सांगतो तेच.

आणि ज्या मुलीचा राजीनामा अजून नोटीस पिरियडमध्ये असेल, तिच्याजवळ जायच्या आधी एकदा बस. राहा म्हणून गळ घालू नकोस. काय वेगळं असतं तर राहिली असतीस, एवढंच विचार. ती आधी म्हणेल, "काही नाही मॅडम, घरच्यांनी सांगितलं म्हणून." तरी उठू नकोस. चहा संपेपर्यंत बस.